हातचा निसटतो तेव्हा: वेळेआधी जन्मलेल्या मुलांचा शाळेतला अभ्यास

तिसरीतला एक मुलगा माझ्यासमोर बसून ४७ अधिक २८ करत होता. सात आणि आठ पंधरा, त्यानं बरोबर म्हटलं. पाच लिहिले. "हातचा एक" असंही पुटपुटला. तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू केली. त्यानं मान वळवली, परत वहीकडे पाहिलं, चार आणि दोन सहा केले आणि ६५ लिहून मोकळा झाला. आई शेजारीच बसली होती. "बाई, घरी सगळं येतं हो त्याला. शाळेत लक्षच देत नाही." मी जन्माविषयी विचारलं. "सातव्या महिन्यात झाला. दीड महिना पेटीत होता. पण आता आठ वर्षं झाली की त्याला!"

विशेष शिक्षिका म्हणून हे शेवटचं वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. पेटीतून बाहेर आलं, वजन धरलं, चालायला-बोलायला लागलं, की घर सुटकेचा श्वास सोडतं आणि जन्माची गोष्ट कपाटात जाते. मग तिसरी-चौथीत अभ्यास अडतो, तेव्हा तिचा संबंध कुणी या गोष्टीशी जोडत नाही. मूल आळशी ठरतं. त्या मुलाला बेरीज येत होती. हातचा धरून ठेवायला मनात जी जागा लागते, ती कमी पडत होती. ही जागा कशी ओळखायची आणि तिला आधार कसा द्यायचा, ते पालकांसाठी इथे क्रमानं लिहिते आहे.

मेंदूत काय झालेलं असतं

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. २८ आठवड्यांच्या आतलं अतिशय लवकर, २८ ते ३२ मधलं खूप लवकर आणि ३२ ते ३७ मधलं थोडं लवकर. २०२० मध्ये भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, जगात सर्वांत जास्त.

पोटातले शेवटचे तीन महिने मेंदूच्या वाढीच्या धांदलीचे असतात. ३४ व्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण ६५ टक्के असतं. 'सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही' असं जुनी माणसं म्हणतात. त्यात तथ्य नाही, पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या उपयोगाचाच असतो. मेंदूतल्या लांब तारांवर जे आवरण चढतं, ते तयार करणाऱ्या पेशी २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात फार नाजूक असतात. ऑक्सिजन कमी-जास्त झाला, जंतुसंसर्ग झाला, तर आधी त्यांना धक्का बसतो. आवरण विरळ राहिलं की निरोप पोचतो, पण सावकाश पोचतो. म्हणून या मुलांत चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: विचारांचा वेग कमी, मनात एका वेळी मावणारी माहिती कमी, लक्ष लवकर घसरणं आणि आकार-अंतराचं भान कच्चं.

आपल्याकडचा पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षं घेतला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५ होता, तर पुरेशा वजनाच्या मुलांचा ९७.२. म्हणजे सामान्य मर्यादेतच, पण खाली. वेळेआधी जन्मलेली आणि त्यातही आठवड्यांच्या मानाने वजन कमी भरलेली मुलं सर्वांत मागे होती, ८५.४ वर. पाहून चितारणं, हालचालीतला सफाईदारपणा, वाचन आणि गणित, सगळीकडे त्यांना अडचण होती. हे आकडे सरासरीचे आहेत. तुमचं मूल त्या सरासरीच्या बरंच वर असू शकतं. ३४-३६ आठवड्यांच्या बहुतेक मुलांत तर फरक इतका लहान असतो की कुणाच्या लक्षातही येत नाही.

पहिली पायरी: जन्माची फाइल बाहेर काढा

डिस्चार्ज कार्ड शोधा आणि त्यावरून एका पानावर एवढंच लिहून काढा: किती आठवड्यांचं, किती वजनाचं, एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) किती दिवस, व्हेंटिलेटर किंवा ऑक्सिजन किती दिवस, डोक्याच्या सोनोग्राफीत रक्तस्राव दिसला होता का आणि कितव्या श्रेणीचा, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली होती का, कानांची झाली होती का, मोठा जंतुसंसर्ग झाला होता का. कार्ड हरवलं असेल तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा. तिथे नाही मिळालं तर आईला जे आठवतं ते आजच लिहून ठेवा.

पुढे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, शिक्षक असे जे जे भेटतील, त्यांच्यासमोर हे पान ठेवायचं. तीच ती गोष्ट दहा वेळा रडवेलं होऊन सांगावी लागत नाही, आणि महत्त्वाचं काही सुटत नाही.

दुसरी पायरी: शाळेत घालायचं वर्ष तपासा

मूल अजून लहान असेल, तर हा निर्णय तुमच्या हातात आहे. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणं पाहतात. आता समजा, बाळ २८ आठवड्यांचं, २० ऑक्टोबरला जन्मलं. त्याची खरी तारीख पुढच्या वर्षीची १२ जानेवारी होती. वेळेवर जन्मलं असतं तर ते एक वर्ष उशिरा पहिलीत गेलं असतं. म्हणजे आधीच मेंदूला कमी वेळ मिळालेल्या मुलाला वर्गातल्या सर्वांत लहान मुलांच्या रांगेत बसावं लागतं. दुरुस्त वय, म्हणजे या मूळ तारखेपासून धरलेलं वय, साधारणपणे दोन वर्षांपर्यंतच मोजतात हे खरं. पण शाळेच्या बाबतीत ती मूळ तारीख डोळ्यांसमोर ठेवायला काहीच हरकत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेलं आणि खूप लवकर आलेलं मूल असेल, तर बालवाडीत एक वर्ष जास्त काढण्याचा विचार जरूर करा. नातेवाईक म्हणतील, वर्ष वाया गेलं. माझ्या मते नाही जात.

मूल एकदा वरच्या वर्गात गेल्यावर त्याला मागे बसवण्याचा सल्ला मात्र मी सहसा देत नाही. मित्र सुटतात, मन मोडतं, आणि अडचणीचं मूळ तसंच राहतं.

तिसरी पायरी: डोळे, कान, रक्त, झोप

बुद्धीच्या तपासणीआधी या चार गोष्टी. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत लांबचं धूसर दिसणं (मायनस नंबर) आणि तिरळेपणा जास्त आढळतो, डोळ्यांच्या पडद्याचा त्रास होऊन गेला असेल तर अधिकच. त्यामुळे दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडे. काही मुलांची नजर चांगली असते, पण गर्दीच्या पानावर ओळ सापडत नाही किंवा फळ्यावरून वहीत येताना जागा हरवते. हे डॉक्टरांना वेगळं सांगावं लागतं, नुसत्या अक्षरांच्या तक्त्यावर ते कळत नाही. जन्मानंतर कानांची तपासणी ठीक आली असली तरी शाळेच्या वयात एकदा पुन्हा करा. हिमोग्लोबिन बघा, कारण लोह कमी असेल तर लक्ष कुणाचंही टिकत नाही. रात्री घोरणं आणि तोंडानं श्वास घेणं याकडेही दुर्लक्ष करू नका.

यातलं बरंचसं फुकट होऊ शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत येतात. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं.

चौथी पायरी: पंधरा दिवसांची वही

एक छोटी वही करा आणि रोज फक्त दोन-तीन ओळी लिहा. "लक्ष देत नाही" असं लिहायचं नाही. काय घडलं ते लिहायचं. उदाहरणार्थ: "दप्तर ठेव, हात धू आणि आजीला हाक मार असं सांगितलं. दप्तर ठेवलं, मग उभा राहिला." किंवा "पाढा म्हणताना बरोबर, उलट विचारल्यावर गोंधळ." किंवा "वीस मिनिटांनी चुका वाढल्या."

या मुलांचं लक्ष घसरणं बहुधा शांत असतं. ती वर्गात उड्या मारत नाहीत, कुणाला त्रास देत नाहीत. खिडकीशी बसलेली असतात आणि शिक्षकांना ती गुणी वाटतात. म्हणून त्यांचं निदान उशिरा होतं. सोबत भिडस्तपणा, काळजी करण्याचा स्वभाव आणि मित्र जोडताना अडखळणंही दिसतं. डबा खायला कोण बरोबर बसतं, हेही वहीत येऊ द्या.

पाचवी पायरी: तपासणी, आणि एका आकड्यावर न थांबणं

वही आणि जन्माचं पान घेऊन बालविकासतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जा. आपल्याकडे बुद्धिमापनासाठी बिने-कामत चाचणी, नागपुरात डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी किंवा वेक्स्लरची भारतीय आवृत्ती वापरतात. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत होते आहे ना, हे आधी विचारा. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलाचे गुण नुसत्या भाषेमुळे घसरू शकतात.

अहवाल हातात आल्यावर शेवटचा आकडा पाहून घरी येऊ नका. विचारा: उपचाचण्यांत वर-खाली किती आहे? आकडे उलट म्हणणं, खुणा भराभर उतरवणं, ठोकळे जुळवणं यात किती गुण आहेत? शब्दांच्या अर्थात आणि समजुतीत किती? बोलण्यात तरतरीत आणि वेगात मागे, असा उतार या मुलांत वारंवार दिसतो. एकूण बुद्ध्यांक ९२ आला की "सगळं ठीक आहे" म्हणून पाठवणी होते, आणि तो उतार त्या आकड्याखाली झाकला जातो. त्याच वेळी वाचन, लेखन आणि गणिताची इयत्तेनुसार चाचणीही करून घ्या.

सहावी पायरी: शाळेशी बोलणं

अनेक पालकांना वाटतं, सांगितलं तर मुलावर शिक्का बसेल. माझा अनुभव उलटा आहे. न सांगितलेल्या मुलावर 'आळशी' आणि 'ढ' हे शिक्के आपोआप बसतात. सांगितलेल्या मुलासाठी निदान काही शिक्षक तरी वाट काढतात. आपल्या बीएड-डीएडमध्ये अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा अभ्यासावर होणारा परिणाम जवळजवळ शिकवत नाहीत, त्यामुळे शिक्षकांना हे ठाऊक नसणं हा त्यांचा दोष नाही.

पालकसभेच्या गर्दीत हा विषय काढू नका. वेगळी वेळ मागा आणि तक्रारीनं सुरुवात करू नका. असं म्हणता येईल: "बाई, हा अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाला. डॉक्टर म्हणतात, समजतं त्याला, पण मनात धरून ठेवायला आणि लिहायला वेळ लागतो. तुमच्या वर्गात साठ मुलं आहेत, मला कल्पना आहे. दोन-तीन गोष्टी जमतील का, बघा." मग खरोखर दोन-तीनच मागा. माझी यादी अशी: पुढच्या बाकावर, खिडकीपासून दूर जागा. सूचना एका वेळी एक, आणि शक्य तर फळ्यावर लिहिलेली. दहा गणितांऐवजी पाच, कारण त्याला येतं की नाही हे पाचातही कळतं. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीचा फोटो. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजून थांबणं. यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते.

सातवी पायरी: गणित

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण खूप लवकर जन्मलेल्या मुलांचं घोडं सर्वांत जास्त इथेच अडतं. जर्मनीत बव्हेरिया भागात १९८५-८६ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातही हेच दिसलं. बहुतेकांना संख्या कळत नाहीत असं नसतं. संख्या कळते, पण पायऱ्या सांभाळता सांभाळता त्यातली एक हातातून गळते.

मराठी माध्यमातल्या मुलाला त्यात आणखी एक ओझं आहे. सव्वीस म्हणताना सहा आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, पण लिहायचं २ आणि मग ६. एकोणपन्नासमध्ये तर पन्नास ऐकू येतं आणि लिहायचं ४९. मनातली जागा आधीच कमी असलेल्या मुलाची निम्मी शक्ती नाव उलटवण्यातच जाते. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस सहा' अशी जोडीची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला! भाषेबद्दलची ती हळहळ मला समजते. पण या मुलांसाठी सांगते, सुरुवातीला दोन्ही वापरा. "वीस सहा, म्हणजे सव्वीस." हात लिहायला शिकला की पहिला आधार सोडून द्या.

आता हातचा. तो मनात ठेवायचाच नाही. दहाच्या घरावर एक छोटा चौकोन छापल्यासारखा प्रत्येक गणितावर आधी काढायचा आणि हातचा त्यात लिहायचा, सातवीत गेलं तरी. "आता मोठा झालास, मनात धर" असं म्हणण्यात काहीही कमाई नाही. चौकटींची वही वापरा म्हणजे एकक-दशक घसरणार नाहीत. दशक समजावताना दहा काड्यांची जुडी रबर लावून करा आणि उसना घेताना ती जुडी खरोखर सोडू द्या.

पाढे वीसपर्यंत पाठ झालेच पाहिजेत, हा हट्ट थोडा बाजूला ठेवा. दोन, पाच आणि दहाचे पक्के करा. बाकीचे भिंतीवर टांगा आणि पाहू द्या. तोंडी उदाहरण असेल तर ते त्याला आधी चित्रात काढू द्या: "आईनं पाच डझन केळी आणली, आठ खराब निघाली" तर पाच घड काढायचे आणि आठवर फुली मारायची. शब्दांतून आकड्यांकडे उडी मारताना जे सांडतं, ते चित्र झेलून घेतं. भूमितीत आकृती उतरवून घेण्यात त्याचा वेळ घालवू नका, काढलेली आकृती द्या आणि विचार त्याला करू द्या.

बसायचं किती? दुसरीपर्यंत दहा-बारा मिनिटं, मग उठून पाणी पिऊन यायचं, मग पुन्हा. एका दिवशी तासभर रगडण्यापेक्षा रोजच्या दोन छोट्या बैठकी चांगल्या. चुका वाढायला लागल्या की तिथेच थांबायचं.

आठवी पायरी: हात आणि लिखाण

अक्षर वाकडं, बटणं लावायला वेळ, चेंडू झेलता येत नाही, असं असेल तर एकदा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे हाताच्या आणि रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांकडे, दाखवा. घरी कणीक मळणं, शेंगा सोलणं, मोदकाच्या पाऱ्या करणं, रांगोळीचे ठिपके जोडणं ही उत्तम कामं आहेत. पण शुद्धलेखनाची पानंच्या पानं शिक्षा म्हणून लिहायला लावू नका. जे अक्षराचं काम आहे ते अक्षराच्या वेळी. विज्ञानाचं उत्तर त्यानं तोंडी दिलं तर ते विज्ञान त्याला येतं, असंच मानायचं.

नववी पायरी: कायद्यानं मिळणारी मदत

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी पुरेशी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडण्याचा, समावेश आहे. साधारण आठ वर्षांनंतर अधिकृत सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं आणि त्यावर राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती मागता येतात. कागदपत्रांना वेळ लागतो. दहावी समोर दिसायला लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सातवी-आठवीतच सुरुवात करा.

एक दुखरी गोष्ट सांगितली पाहिजे. वेळेआधी जन्मलेल्या अनेक मुलांची अडचण एका विषयापुरती नसते, ती सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असते. बुद्ध्यांक ७० आणि ८५ च्या मधे आला, तर ना बौद्धिक अक्षमता, ना अध्ययन अक्षमता, आणि बहुधा कोणतंच प्रमाणपत्र नाही. या मुलांवर आपली व्यवस्था अन्याय करते असं माझं ठाम मत आहे. पण सहाव्या पायरीतल्या एकाही गोष्टीला प्रमाणपत्र लागत नाही. तेवढ्यावर शाळेशी बोलत राहा.

पैसे कशावर घालवू नयेत

स्मरणशक्ती वाढवण्याची औषधं, डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग, मेंदूचे व्यायाम म्हणून विकले जाणारे मोबाइलवरचे खेळ. शेवटच्याबद्दल तर चांगली चाचणीही झाली आहे. मेलबर्नमध्ये अतिशय लवकर जन्मलेल्या सात वर्षांच्या मुलांना संगणकावर स्मरणाचं प्रशिक्षण दिलं आणि दोन वर्षांनी पाहिलं, तर शाळेच्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही. मूल त्या खेळात तरबेज होतं, एवढंच. तो पैसा चांगल्या शिकवणीला द्या, किंवा पोहायला पाठवा.

याउलट बव्हेरियाच्याच मुलांत एक गोष्ट दिसली. सहा वर्षांची असताना ज्यांच्या आया काम करून घेताना मुलाचा कल ओळखून, न रागावता, हवी तेवढीच मदत करत होत्या, ती कमी वजनाची मुलं तेराव्या वर्षी अभ्यासात पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळ पोचली होती. म्हणून अभ्यासाला बसताना उत्तर सांगू नका, पुढची पायरी विचारा. "हातचा कुठे ठेवलास?" एवढंच. आणि तो शोधेपर्यंत थांबा. घरात रोज संध्याकाळी रडारड होत असेल, तर काही महिने अभ्यास मावशीला, काकाला किंवा शिकवणीच्या ताईला घेऊ द्या. आई-बाबांशी त्याचं नातं गणितापेक्षा मोठं आहे.

नऊ-दहा वर्षांचं झालं की मुलालाही त्याची गोष्ट सांगा. तू घाईनं आलास, तुझ्या डोक्यात निरोप थोडे सावकाश पोचतात, म्हणून आपण चौकोन काढतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाला हे आईनंच सांगितलं. पाचवीत वर्ग बदलला, नवीन सरांनी हातच्याचे चौकोन खोडायला सांगितले, तेव्हा त्यानं स्वतः उठून म्हटलं, "सर, मला ते लागतात." नवा वर्ग, नवे शिक्षक म्हटलं की हे पुन्हा होणारच आहे. तेव्हा जन्माचं ते पान आणि मागितलेल्या दोन-तीन गोष्टींची चिठ्ठी प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा आणि दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरा दिवसांत नव्या वर्गशिक्षकांना नेऊन दाखवा.